रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी, बेळगावात कुणाला दाखवावं?

चोर्लाघाट

नमस्कार मंडळी. डिझेल सेडान, २०१४ चं मॉडेल, केए २२ पासिंग. कंपनीचा टेप काढून अँड्रॉइड स्क्रीन बसवलाय, डिक्कीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प आणि एक बूफर. कामानिमित्त बेळगाव-पणजी सारखं चालू असतं, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरायचा. त्यामुळे गाडीत गाणं लागतंच.

त्रास असा. गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक 'सुंऽऽई' येते. रेस दिली की शिट्टी चढते, पाय काढला की उतरते. ढोल-ताशा लावला तर झाकून जाते, पण नाट्यगीत लावलं की मधल्या शांत जागी नेमकी तीच ऐकू येते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आहेच. शिवाय एफएमवर निराळीच खरखर आहे, ती वंटमुरी घाट ओलांडून निपाणीकडे जाताना जास्त.

बसवणाऱ्या दुकानाचं म्हणणं, डायनॅमो गेलाय, नवा टाका. दुसऱ्या वायरमनचं म्हणणं, फिल्टर लावा. तिसरा आमच्या गल्लीतला, त्याने बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं, 'अर्थ सरी इल्लरी' (अर्थ, म्हणजे बॉडीला दिलेली निगेटिव्ह जोडणी, बरोबर नाही) म्हणाला आणि चहाला निघून गेला. आता यातल्या कुणाचं ऐकायचं?

शहापूर_पेठ

ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते. टेपमधून अ‍ॅम्पला गाणं नेणाऱ्या आरसीए वायरच्या मध्ये लावायची, विषय संपला. माझ्या गाडीत लावलीय, शिट्टी बंद. डायनॅमो-बियनॅमो काही बदलू नका.

केए२३_चिक्कोडी

आमच्याकडं ट्रॅक्टरला बूफर लावलेली पोरं हैत, त्यांना शिट्टीच ऐकू येत नाही. तुम्ही पण आवाज वाढवून सोडा की.

लघुलहरी

चोर्लाघाट, थोडं थांबा. डायनॅमो नको आणि डबीही नको, अजून तरी. आधी शिट्टी कुठून आत शिरते ते शोधायचं, मग खिशात हात घालायचा. आपल्याकडे उलटं चालतं. वस्तू बसवायची, आवाज नाही गेला की दुसरी बसवायची, आणि शेवटी गाडीत तीन फिल्टर नि शिट्टी सुखाने नांदत असतात.

आवाजाची जात ओळखली की निम्मं काम झालं. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सूर चढतो-उतरतो, तर ती अल्टरनेटरची, म्हणजे तुम्ही डायनॅमो म्हणताय त्याचीच, शिट्टी. चावी ऑन केली, इंजिन अजून बंद आहे आणि एकाच पट्टीत गुणगुण येते, तर मागच्या सीटखालचा टाकीतला पंप बघा. एसीच्या पंख्याचा वेग बदलला की बदलते, तर ब्लोअरची मोटर. इंडिकेटरच्या टकटकीबरोबर टिक येत असेल तर टेपचा (म्हणजे तुमच्या नव्या स्क्रीनचा) अर्थ कुठेतरी भलतीकडे जोडलाय. इंजिन बंद असतानाही नुसतं 'हिस्स' येत असेल तर तो अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ती खुंटी) वाजवीपेक्षा चढवल्याचा आवाज, त्याला गाडीची वायरिंग जबाबदार नाही.

अल्टरनेटर मुळात एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज, बनवतो, तीन फेजची. आतले डायोड तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, करतात, पण ती सपाट नसते, वर बारीक लाटा राहतात. बारा पोलचा अल्टरनेटर धरा. पुली त्याला इंजिनाच्या अडीच-तीनपट वेगाने फिरवते. इंजिन ८०० वर असेल तर अल्टरनेटर २४०० वर. म्हणजे एका फेजची एसी २४० हर्ट्झ, आणि तिन्ही फेज मिळून डायोडनंतर उरलेल्या लाटा तिच्या सहापट, १४४० हर्ट्झ. इंजिन २००० वर नेलं की त्या ३६०० वर जातात. कानाला सगळ्यात बोचणारा पट्टा तोच. ही शिट्टी प्रत्येक गाडीच्या तारांत असते. ती स्पीकरपर्यंत पोचते का, एवढाच प्रश्न.

आता तुम्ही तीन गोष्टी सांगा. टेप बंद केल्यावर आवाज जातो का? व्हॉल्यूमबरोबर शिट्टी वाढते का? आणि अ‍ॅम्पचा अर्थ दुकानदाराने नेमका कुठल्या बोल्टला दिलाय?

चोर्लाघाट

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. टेप बंद केला की शिट्टी पण बंद, पण टेपबरोबर अ‍ॅम्पही बंद होतो म्हणून त्यावरून काय कळणार? व्हॉल्यूमने फरक पडत नाही, शून्यावर आणि वीसवर तेवढीच. अर्थचं म्हणाल तर मागच्या सीटची पाठ उचलली. तिचा खटका ज्या बोल्टवर आहे त्याच बोल्टखाली काळी तार दाबलीय. रंग खरवडलेला दिसत नाही. आणि जाडी लाल वायर आणि आरसीए दोन्ही डाव्या बाजूने, दाराच्या पट्टीखालून, एकत्र चिकटपट्टी गुंडाळून मागे नेल्यात.

लघुलहरी

व्हॉल्यूम शून्यावर असूनही शिट्टी तेवढीच, म्हणजे ती टेपच्या व्हॉल्यूमनंतर शिरतेय. टेपच्या बाहेर पडणाऱ्या पिनांपासून अ‍ॅम्पपर्यंत. शोधायची जागा एवढी लहान झाली, एक पैसा न घालता.

उद्यमबाग_मेंटेनन्स

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, मशीनवरच्या ड्राइव्हच्या आवाजाशी रोजच भांडण असतं. आमच्याकडे सिग्नल केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची पद्धत आहे. दोन्ही टोकांना केली की शील्डमधूनच करंट वाहायला लागतो. इथेही तेच झालेलं दिसतंय. अ‍ॅम्पच्या बाजूला आरसीएची बाहेरची जाळी कापून टाका, बघा काय होतंय.

लघुलहरी

साहेब, निदान बरोबर, औषध चालणार नाही. तुमच्या केबलमध्ये सिग्नलला आत दोन तारा असतात आणि शील्ड फक्त पांघरूण. साध्या आरसीएत बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची तार आहे. ती कापली की गाणं परत जायला रस्ता नाही. आवाज बारीक होईल, नाहीतर भलामोठा हम्म येईल. जाळीतून करंट वाहणं थांबवायचं, तर तो तिथे का जातोय ते बघायला हवं.

आणि तो जातो यासाठी. अ‍ॅम्पच्या आत मोठे कंडेन्सर असतात. अल्टरनेटरच्या लाटांबरोबर ते भरतात-रिकामे होतात, तो करंट अ‍ॅम्पच्या काळ्या तारेतून बॉडीत परततो. तो सांधा कच्चा असला की तिथे थोडा व्होल्टेज पडतो. टेपचा अर्थ मात्र पुढे डॅशबोर्डमागे वेगळ्या जागी. दोन अर्थांमध्ये फरक पडला, आणि दोघांना जोडणारी एकच तार उरली, आरसीएची जाळी. मग लाट तिच्यातून जाते आणि अ‍ॅम्प तिला गाणं समजून वाजवतो.

फरक किती लागतो? गेन पूर्ण चढवलेला असेल तर बहुतेक अ‍ॅम्पना ०.२ व्होल्ट सिग्नल पूर्ण ताकदीला पुरतो. जाळीवर नुसते २० मिलिव्होल्ट आले तरी तो त्याचा दहावा हिस्सा झाला. म्हणून गेन उतरवला की शिट्टी बारीक होते, आणि दुकानदार 'झालं बघा' म्हणतो. झालेलं नसतं.

उद्यमबाग_मेंटेनन्स

पटलं. मग मापायचंच तर नीट मापू. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर एसी व्होल्टवर लावायचा, गाडी १५०० च्या वर, लाइट चालू. चांगल्या अल्टरनेटरला ५० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा कमीच येतं. १०० च्या पुढे गेलं तर शंका घ्यायची, अर्धा व्होल्ट दिसला तर डायोड गेला म्हणून समजा. डायोड गेल्यावर आवाजही बदलतो, बारीक शिट्टीऐवजी खालच्या पट्टीत खरबरीत गुरगुर येते.

एक सावधगिरी. बाजारातला तो पिवळा स्वस्त मीटर यासाठी वापरू नका. त्याची सगळ्यात खालची एसी रेंजच २०० व्होल्टची, मिलिव्होल्ट दिसणार कुठून? वर त्यातले बरेचसे डीसी अडवतच नाहीत. चौदा व्होल्ट डीसीवर लावले तर एसी तीस व्होल्ट दाखवतात, आणि माणूस घाबरून डायनॅमो बदलून येतो. खरा-खोटा ओळखायचा तर इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर एसी मापून बघा. शून्याच्या आसपास नाही आलं तर त्या मीटरवर विश्वास नको.

चोर्लाघाट

माझ्याकडे तोच पिवळा आहे! आता लावून बघितला. गाडी बंद, बॅटरीवर एसी २७ व्होल्ट म्हणतोय.

केए२३_चिक्कोडी

मग हेस्कॉमला कळवा, तुमच्या बॅटरीतून गावाला लाइट देता येईल.

उद्यमबाग_मेंटेनन्स

रविवारी सुट्टी आहे मला. तिसऱ्या रेल्वे गेटकडे या, चांगला मीटर आणतो.

गडहिंग्लजकर

एवढं कशाला? चालू गाडीत बॅटरीचं एक टर्मिनल उपसायचं. गाडी बंद पडली तर डायनॅमो गेला, नाही पडली तर चांगला. आमचे मेस्त्री वर्षानुवर्षं असंच बघत आले.

लघुलहरी

गडहिंग्लजकर, कृपा करून हे कुणी करू नका. जुन्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं म्हणून ते खपून गेलं. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी एकदम तोडली तर क्षणभर ऐंशी व्होल्टपर्यंतचा झटका बसू शकतो. तो सोसायला बॅटरी नसते, मग ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), टेप, अ‍ॅम्प यांच्यापैकी कुणीतरी सोसतो. तारांना हात लावायचा तर इंजिन बंद, चावी बाहेर, दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवायचं. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

गडहिंग्लजकर

बरं बाबा. मेस्त्रींना सांगतो, ऐकतील असं नाही.

संकेश्वरी_मिरची

मधेच विचारते. आमची जुनी पेट्रोल व्हॅन आहे, मिरचीची पोती बाजारात न्यायला. अ‍ॅम्प-बिम्प काही नाही, साधा रेडिओ. ह्यांना जाताना आकाशवाणी लागते, सांगली किंवा धारवाड. त्यात टक-टक-टक येतं, गाडी पळवली की टकटक पण पळते. ही पण अर्थचीच भानगड का?

लघुलहरी

ताई, तुमची जात वेगळी आहे. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगला हजारो व्होल्टचा झटका जातो. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच, आणि धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर, दोन्ही मध्यम लहरीवर. मध्यम लहरीला अशी ठिणगी फार लवकर ऐकू जाते, एफएमला त्यामानाने कमी. म्हणून प्लगच्या आतच सुमारे पाच किलोओहमचा रोध घातलेला असतो, आणि अशा प्लगच्या नंबरात बहुधा इंग्रजी आर अक्षर असतं. मेस्त्रीने स्वस्तातला बिनरोधाचा प्लग टाकला, किंवा प्लगची वायर आतून तुटली की टकटक सुरू. प्लग काढून नंबर वाचा. रात्री अंधारात बोनेट उघडून गाडी चालू ठेवा, वायरवर कुठे निळी ठिणगी नाचताना दिसली तर वायर बदला. हात मात्र लावू नका.

चोर्लाघाटांची गाडी डिझेल, ठिणगीच नाही, त्यामुळे त्यांना टकटक नाही. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरची टिकटिक कधी कधी येते, पण शिट्टीशी तिचा संबंध नाही.

चोर्लाघाट

रविवारचा वृत्तांत. उद्यमबाग साहेब खरंच मीटर घेऊन आले, वर घरून डबाही. सगळं त्यांनी केलं, मी टॉर्च धरून उभा होतो.

आधी बॅटरीवर लाटा मापल्या. १८०० वर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, ३६ मिलिव्होल्ट. चार्जिंग १४.२ व्होल्ट. म्हणजे डायनॅमो ठणठणीत, आणि दुकानदार मला नवा गळ्यात मारणार होता.

मग अर्थ. साहेबांनी मीटरचा काळा प्रोब लांब तार जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला ठेवला आणि लाल प्रोब डिक्कीत अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह स्क्रूवर. गाणं जोरात, बूफर धडधडतोय, डीसी ०.३८ व्होल्ट! मी विचारलं, मीटरचा नुसता बझर (तार जोडलेली असली की वाजतो तो) लावून का नाही बघायचं? तर बझर लावून दाखवला, मस्त वाजला. म्हणाले हाच धोका आहे, पुढचं ते सांगतीलच.

उद्यमबाग_मेंटेनन्स

सांगतो. बूफर जोरात असताना २५ अँपिअर धरले तर ०.३८ व्होल्ट म्हणजे १५ मिलिओहम. मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध २००-३०० मिलिओहम असतो, त्याला हे १५ दिसणार कसे? बझर तर ३०-४० ओहमलाही वाजतो. म्हणून अर्थ तपासायचा तो नेहमी करंट वाहत असताना, व्होल्टेज पडतो किती ते बघून. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक.

त्यांच्या अ‍ॅम्पची काळी वायर ८ गेजची, उगाच दीड मीटर लांब सोडलेली, वेटोळं करून कार्पेटखाली दाबलेली. तिचा स्वतःचा रोध ३ मिलिओहम. उरलेले १२ बहुतेक त्या रंगावर कसलेल्या बोल्टचे.

मग आरसीए पिनांची परीक्षा. दोन जुन्या आरसीए पिना घेतल्या, आतला खिळा आणि बाहेरचं कडं डाग देऊन जोडलं, अ‍ॅम्प बंद करून त्याच्या इनपुटला लावल्या, परत चालू केला. शिट्टी गायब. म्हणजे अ‍ॅम्प आणि त्याची लाल वायर निर्दोष. पिना काढल्या, टेपऐवजी मोबाइल जोडला, चार्जरवर न लावलेला. गाणं स्वच्छ, शिट्टी नाही, कारण मोबाइलला गाडीचा अर्थच नाही, चक्कर पूर्ण होत नाही. त्याच मोबाइलला गाडीतलं चार्जर लावलं मात्र, सुंऽऽई हजर! तिथेच सगळ्यांचं समाधान झालं.

लघुलहरी

सुंदर काम. आता एकेक बदल, आणि प्रत्येक बदलानंतर ऐकायचं. दोन-तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने गेलं ते कधीच कळत नाही.

अ‍ॅम्पचा अर्थ जवळ आणा, तार दीड-दोन फुटांपेक्षा लांब नको. डिक्कीच्या तळाचा जाड पत्रा शोधा. स्पेअर व्हीलच्या खड्ड्याचा पातळ पत्रा नको. ड्रिल मारायच्या आधी गाडीखाली वाकून बघा, बरोबर खाली डिझेलची टाकी किंवा ब्रेकची नळी असते. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही, त्याच्यावर जीव अवलंबून असतो. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, ते सोडवायचे नाहीत. पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा चकचकीत करा, लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून क्रिंप करा, काटेरी वॉशर घाला, कसा. नंतर वरून रंगाचा हात.

आरसीए उजवीकडून न्या, लाल वायर डावीकडे राहू दे. कुठे ओलांडावी लागली तर काटकोनात.

चोर्लाघाट

काम झालं. खटक्याच्या बोल्टखाली निघालं काय, तर लगच्या गोलाएवढी रंगाची शाबूत चकती, आणि तिच्या कडेला बारीक गंजाचं कडं. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. आता नवा बोल्ट, फूटभर तार. बॅटरी निगेटिव्ह ते अ‍ॅम्प निगेटिव्ह, तेच गाणं, तोच आवाज, ०.०४ व्होल्ट.

शिट्टी बरीच गेली, पण कान लावला तर जराशी उरली होती. संध्याकाळी दाराच्या पट्ट्या उचलून आरसीए उजवीकडून घेतली. आता इंजिन चालू आहे हे स्पीकरवरून कळत नाही.

बोनेटमध्ये इंजिनापासून बॉडीला येणारी विणलेली पट्टी पण बघितली. हिरवी झालीय. व्होल्टेज फार पडत नाही, पण बदलून घेतो. पावसाळाभर कणकुंबीचा पाऊस आणि खाली गोव्याची खारी हवा.

शहापूर_पेठ

मग माझी डबी वाईट का? माझी शिट्टी तर गेलीय.

लघुलहरी

वाईट नाही, पण काय करते ते माहीत हवं. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. जाळीचा धागा तुटतो, सिग्नल चुंबकाने पलीकडे जातो, म्हणून चक्कर बंद. पण छोट्या गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला खालच्या पट्टीचा आवाज नीट नेता येत नाही. बूफर लावून मग त्याच्या वाटेत अशी डबी ठेवायची म्हणजे पखवाजावर गोधडी टाकून वाजवायचं. शिवाय कच्चा अर्थ तसाच राहतो, तिथे गरम होत राहतं. तुमच्याकडे बूफर नसेल तर फरक जाणवणार नाही, राहू दे.

मोबाइल ऑक्सला आणि एकाच वेळी चार्जिंगला, अशा जोडीला मात्र ती डबी खरंच उपयोगी. तिथे अर्थ सुधारायला तुमच्या हातात काही नसतं.

चोर्लाघाट

आता एफएम. अर्थ सुधारल्याने त्यात काडीचाही फरक नाही. कोल्हापूर १०२.७ बेळगावात तसंही अंधुक, पण तवंदी घाटावर स्वच्छ लागायला हवं. तिथेही खरखर.

लघुलहरी

ती दुसरी भानगड, पहिलीशी संबंध नसावा. परीक्षा सोपी आहे. रेडिओ चालू ठेवून टेपमागची अँटेनाची पिन काढा. खरखर गेली तर ती हवेतून अँटेनात शिरतेय, राहिली तर वायरींतून. गेली असेल तर एकेक फ्यूज किंवा एकेक प्लग काढत जा. डॅशकॅम, लायटरच्या सॉकेटातला चार्जर, बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट, हे तीन माझे पहिले संशयित. या सगळ्यांत बारा व्होल्टचे पाच किंवा आणखी काही करणारी छोटी सर्किटं असतात, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारी. चांगल्या बनावटीत फिल्टर असतो, स्वस्तात तो गाळलेला असतो.

घरात जुना खिशातला ट्रान्झिस्टर असेल तर तो याहून भारी हत्यार. मध्यम लहरीवर केंद्र नसलेल्या जागी लावायचा आणि गाडीत वायरींजवळून फिरवायचा. गुन्हेगाराजवळ गेला की तो किंचाळतो. आत फेराइटची कांडी असते, म्हणून फिरवून दिशाही कळते.

चोर्लाघाट

वडिलांचा ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढला, सेल घातले, चालू झाला. डॅशबोर्डवर नुसतं घों, आरशाजवळ गेल्यावर असा ओरडला की बायको बाहेर आली. डॅशकॅम! त्याची वायर काचेच्या वरच्या कडेने, अँटेनाच्या वायरीला चिकटून नेलीय, आणि त्याचं अ‍ॅडॉप्टर फ्यूज बॉक्सजवळ. अ‍ॅडॉप्टरचा प्लग काढला, १०२.७ लागलं. अँटेनाची पिन काढूनही बघितली, तेव्हाही खरखर जात होती.

उद्यमबाग_मेंटेनन्स

अ‍ॅडॉप्टर बदला, आणि वायरीवर फेराइट लावा. मिटून बसणारी फेराइटची गुंडी मिळते. नुसती अडकवू नका, वायर तिच्यातून तीन-चार वेळा गुंडाळा. वेढे दुप्पट केले की परिणाम साधारण चौपट होतो. गुंडी अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या टोकाला नाही. आवाज जिथे जन्मतो तिथेच अडवायचा.

खानापूर_रोड

सगळं वाचलं. एक शंका. नवा अर्थ कसल्यावर लगवर व्हॅसलीन लावायचं का? आमच्याकडे पावसात चार महिन्यांत सगळं हिरवं होतंय.

लघुलहरी

लावा, पण आधी पत्र्याला धातू धातूला चिकटून घट्ट कसा, मग वरून आणि कडेने. मध्ये थर नको. बॅटरीच्या टर्मिनललाही तसंच. आणि पावसाळा संपला की एकदा पाना लावून बघायचं, खानापूर-कणकुंबीकडच्या गाड्यांना तर नक्कीच.

संकेश्वरी_मिरची

प्लग काढून बघितले. चारपैकी दोनांवर आर आहे, दोनांवर नाही. मेस्त्री म्हणतोय दोन्ही सारखेच.

लघुलहरी

सारखे नाहीत. चारही आर असलेले टाका, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या उष्णता-नंबराचेच. वायरी जुन्या असतील तर त्याही बदला. तरीही धारवाडवर टकटक राहिली तर इथेच लिहा, मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण बघू.